फणसाच्या मुळाची थाप

हातखंब्याच्या तिठ्यावरून आत वळलं आणि दोनदा रस्ता चुकलं की उतारवाडी लागते. न चुकता ती आजवर कुणाला सापडलेली नाही. वाडीतल्या घरांची जोती सरळ आहेत, माणसंही बरीचशी सरळ आहेत, पण मधलं खळं असं कललेलं की वरच्या कडेला ठेवलेला नारळ आपल्या पायाने खालच्या कडेला येतो, आणि वाटेत सोलूनही निघतो असं म्हणतात. खालच्या कडेला फणस आहे. त्याचं एक मूळ जांभा फोडून वर आलंय आणि जेवून निजलेल्या अजगरासारखं आडवं पडलंय. पूर्वजांनी खळं सपाट का केलं नाही असं कुणी विचारतं. केलं होतं. पावसाळा सरल्यावर बघतात तो पुन्हा कललेलं. तेव्हापासून वाडीने खळ्याशी भांडण सोडलं आणि नाचच त्याच्या कलाने बसवला.

नाच म्हणजे गौरीगणपतीतली जाखडी. मध्ये मृदंग, झांज आणि गाणारा बुवा. भोवती उजव्या पायात घुंगरू बांधलेले गडी, एकामागोमाग एक. कललेल्या खळ्यावर गोल फिरायचं म्हणजे अर्धा फेरा चढ आणि अर्धा उतार. पुढचा गडी चढाला लागला की ठेका दम धरायचा, तो उताराला लागला की ठेका घरंगळायचा, आणि तो मुळाशी येऊन उडाला की मागच्या सगळ्यांनी जागच्या जागी उडायचं, मग पायाखाली मूळ असो नसो. त्या उडीला मृदंग एक ठोका गिळायचा आणि पुढच्यावर धाडकन पडायचा. परगावचा माणूस तिथे हमखास टाळी चुकायचा आणि उतारवाडीकर त्याच्याकडे दयेने बघायचे.

हा ठेका केरूच्या घरातला. केरूचा आजा, बाप आणि मग केरू. वर्षाची पहिली थाप त्या घराची, आणि नाच संपताना वाडीचा मुख्य मानकरी, म्हणजे गावकार, नारळ फोडायचा त्याचं एक भकल, अर्धा नारळ, तेही त्याच घराचं. हा मान. कोकणात जमीन वाटून घेतील, आंबे वाटून घेतील, पण मान वाटत नाहीत.

केरू दोन पावसाळ्यांमागे गेला. मृदंग पडवीतल्या खुंटीवर राहिला, आणि खाली राहिली त्याची बायको हौसा. मुलगा दर्शन लांज्याला काजूच्या कारखान्यात होता. गुणाचा पोरगा, पण तालाचं अंग असं की टाळी वाजवली तर दोन हात दोन वेगळ्या वेळी वाजायचे. आणि बायकांनी मृदंगाला हात लावायचा नाही, ही वाडीची रीत. ती कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणूनच ती मोडायची कशी तेही ठाऊक नव्हतं.

गणपतीच्या आधी महिनाभर केरूचा पुतण्या संदेश मुंबईहून आला तो एक लांबडं खोकं घेऊन. वाडीचं वाजप, म्हणजे झांज, घुंगरं, जे काय असेल ते, केरूच्या पडवीत ठेवायची पद्धत. त्याने खोकं तिथेच उतरवलं आणि आतून काळा कीबोर्ड काढला. मुंबईच्या मंडळाने वर्गणी काढून घेतलेला.

"काकी, ही पेटी नीट ठेव. पावसाची सर आत येता कामा नये."

"पेटी? हिचा भाता कुटं हाय?"

"भाता नाय लागत. डाव्या हाताने नुसता सूर धरायचा, मागे अख्खा बँड वाजतो. ऐक."

त्याने एक बटण दाबलं. धिनक धिन, धिनक धिन, दांडिया सुरू झाला. स्वच्छ, गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखा. हौसा कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

"लगीन कुनाचं हाय?"

"काकी, ह्याच्यावर आपण रत्नागिरीला नाचणार. स्पर्धेत. गेल्या वर्षी काय झालं ते ठाऊक आहे ना? लांज्याचा मृदंगवाला भाड्याने आणला, तो वाजवतोय सरळ आणि आपली पोरं मधेच उड्या मारतायत. ताल ढासळतो म्हणाले परीक्षक. शेवटून पहिले आलो. ह्या वर्षी ठेका सपाट. सगळ्या जगाचा आहे तसा."

"आनि पयली थाप?"

संदेश जरा खोकला. "बटण मी दाबणार, म्हणजे थाप माझीच धरायची. गावकारांशी बोललोय मी. स्पर्धेत जो वाजवील त्याला ह्या वर्षीपासून नारळ."

हौसाने खुंटीकडे बघितलं. मग पुतण्याकडे बघितलं. असं बघितलं की त्याच्या हातातली वायर आपोआप गुंडाळली गेली.

"घरात वाजवणारं कोण आहे, काकी? दर्शनला सांगू? आणि बायकांनी मृदंगाला हात लावायचा नाय हे मी नाय ठरवलेलं."

"नाय लावायचा," हौसा म्हणाली. "मृदंगाला."

शेवटचा शब्द तिने असा वेगळा काढून ठेवला की शहाण्या माणसाने तेव्हाच खोकं परत बांधलं असतं. संदेश चहा पिऊन गेला.

हौसाची सून सानिका हातखंब्याच्या मोबाइलच्या दुकानात कामाला होती. गावोगावचे लोक आपल्या फोनचं कुलूप विसरून तिच्याकडे यायचे आणि ती ते उघडून द्यायची. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासू कीबोर्डासमोर पाटावर बसलेली, तांदूळ निवडायला बसावं तशी.

"हिच्यात आपला ठेका घालता येतो काय गो?"

"आई, तुम्ही काय करताय?"

"इचारतंय ते सांग."

सानिकाने बटणं चाचपली, फोनवर कुणा परदेशी दाढीवाल्याचा व्हिडिओ लावला, त्याचं अर्धं ऐकलं. "येतो. स्टाइल क्रिएटर आहे ह्याच्यात. आपली स्टाइल आपण भरायची. आधी ढोल-ताशे, मग बास, मग वरची साथ, एकावर एक. दोनचार मात्रांचं आवर्तन भरलं की ते फिरत राहतं. सगळं एका सुरात भरायचं, मग वाजवताना डावा हात जिथे जाईल तिथे साथ आपोआप त्याच्यामागे येते."

"म्हंजे मी जाईन तिथं तू येतंस तशी."

"मी कुठे येते? तुम्हीच मला ओढता."

"तेच म्हनलं मी."

दुसऱ्या दिवसापासून भात लावून रिकाम्या झालेल्या वाडीला केरूच्या पडवीतून चमत्कारिक आवाज येऊ लागले. पेटीत एक खण असा होता की पट्टी पट्टीला वेगळं वाद्य. एकीत ढोल, एकीत टाळी, एकीत कुणीतरी शिट्टी मारी, आणि एकीत काच फुटे. काच फुटली की हौसा पहिल्या दिवशी उठून फडताळ बघून आली. मृदंग त्यात नव्हता. तिने एक जाडा ढोल आणि कुठल्या तरी लांबच्या देशाचा हाताने बडवायचा पिंप निवडला, आणि दोन्हींच्या मधे आपल्याला हवी ती थाप शोधली. घुंगरूही नव्हते. सानिकाला शेवटी एका कोपऱ्यात खुळखुळ सापडली.

"पण आई, हे बर्फात गाडी ओढणाऱ्या घोड्यांचे घुंगरू आहेत. नाताळच्या गाण्यातले."

"घोड्याचे का असंनात. पाय हायत ना त्याला?"

तिने ठेका भरला. एका बोटाने ढोल, दुसऱ्याने पिंप, तोंडाने केरूचे बोल. भरून झाला, पेटीने तो परत वाजवून दाखवला, आणि हौसाचा चेहरा उतरला. मुळाशी गिळलेला ठोका तिथे नव्हता. चढाचा दम नव्हता. सगळं एका ओळीत, शाळेतल्या पोरांसारखं हाताची घडी घालून उभं.

"ह्ये मी वाजवलेलं नाय."

"तुम्हीच वाजवलंय. मशीन सुधारून देतं, आई. ठोका इकडेतिकडे पडला की उचलून जवळच्या घरात नेऊन बसवतं."

"मी सांगितलं हुतं सुधारायला? इतकी वर्सं संसार केला, त्येला मी सुधारू शकलंय नाय. ह्यो कोन सुधारनारा? बंद कर त्येचं त्ये शहानपन."

सानिकाने ते शहाणपण शोधून बंद केलं. पुन्हा भरलं. आता पेटी सासूबाईंचं निमूट ऐकत होती. पण चढ आला, उतार आला, तरी मूळ येईना. उडी एकतर लवकर पडे नाहीतर उशिरा. केरू ती कशी मारायचा हे हौसाला आठवेना. आठवायला गेलं की त्याचा हात आठवे आणि थाप निसटे.

तेव्हा तिने जे केलं त्याची साक्ष सगळी वाडी देईल, जरी प्रत्येकजण वेगळी देईल. ती उठली, न्हाणीघरातला हंडा भरून डोक्यावर घेतला आणि खळ्यात उतरली. भर दुपारी, उघडीप बघून, वरच्या कडेपासून मुळापर्यंत आणि मुळावरून पलीकडे. मग पुन्हा. जाखडी ती कधी नाचली नव्हती, बायका नाचतच नसत. पण लग्न होऊन आल्यापासून नळ येईपर्यंत खालच्या विहिरीचं पाणी तिने ह्याच वाटेने वर आणलं होतं आणि रिकामा हंडा ह्याच वाटेने खाली नेला होता. चढताना दम, उतरताना घाई, मुळाशी पाय उचलून क्षणभर अधांतरी, आणि मग टाच. हंड्यातलं पाणी 'डुब' म्हणालं.

ती थांबली. हंड्यातलं पाणी पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबली.

शेजारची म्हातारी सोनूबाई ओट्यावरून ओरडली, "हौसे, अंगात आलं काय गो?"

"अंगातच हुतं," हौसा म्हणाली. "भायेर काढतंय."

आत येऊन तिने हंडाही न उतरवता मुळाची थाप भरली. चढ आणि उतार एकेका बटणावर बसले होतेच, आणि दोन ठेक्यांच्या मधे घालायच्या गिरकीला पेटीत एक वेगळं बटण होतं. त्या बटणावर ती मुळाची उडी बसली. थाप केरूची आहे असं सगळे म्हणत आले होते. हौसाच्या त्या दिवशी ध्यानात आलं की केरू पडवीत बसून विहिरीकडे जाणाऱ्या बायकांच्या चालीकडे बघत बघत मृदंग घोटायचा, आणि त्याचा बापही तसाच बसायचा. तिने हे कुणाला सांगितलं नाही. पण हंडा खाली ठेवला तो जरा आपटूनच.

शेवटाला सानिकाने विचारलं, "आता एंडिंग. साथ थांबवायचा तुकडा. हे बटण रिकामं आहे अजून."

"ऱ्हाऊ दे रिकामं."

"मग थांबणार कसं?"

"जाखडी कदी आपली आपन थांबली काय? गावकार नारळ फोडनार, भकल घरात येनार, मग हात उचलायचा. शेवट आपला नव्हं, नारळाचा."

सानिकाने खांदे उडवले आणि रिकामं बटण तसंच ठेवून सगळं पेटीत साठवलं.

तालमीला वाडी खळ्यात जमली. संदेशने दांडिया लावला. गडी चढले ते झपाझप, उतरले ते त्याहून झपाझप, आणि मुळाशी ठेका काही गिळेना म्हणून पुढचा गडी उडावं की न उडावं ह्या विचारात पडला. विचार करायला ती जागा नव्हे. तो पडला, मागचे त्याच्यावर पडले, आणि झांजवाला झांजेसकट थेट फणसाला भेटला.

"जरा बाजूला हो रे बाबा," म्हणत हौसा पेटीपाशी आली. सगळ्यांच्या देखत तिने आपलं बटण दाबलं. घोड्यांचे घुंगरू खुळखुळले, चढ सुरू झाला, आणि पडलेले गडी अजून धूळ झटकत होते तोवर त्यांचे पाय चालायला लागले होते. मुळाशी सगळे एकदम उडाले. फणसावरून एक कावळाही उडाला, पण तो ठोका चुकला.

गलका झाला. बाईने थाप वाजवली, म्हणून दोन म्हातारे उठले. हौसाने त्यांच्याकडे मान वळवली.

"मृदंग खुटीवर हाय. जा, बगून या. त्येला माझं बोट लागलेलं नाय. पेटीला बाईनं हात लावायचा नाय असं तुमच्या आज्यानं सांगितलं असंल तर आज्याला बलवा."

आज्याला बोलावणं शक्य नसल्याने सगळ्यांनी श्रीपती गावकारांकडे बघितलं. श्रीपतीभाऊंनी जन्मात एकच निर्णय घेतला होता, लग्नाचा, आणि तोही मुलीकडच्यांनी. त्यांनी विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"काय हाय... खळ्यात हौसावैनीचा ठेका ऱ्हावं दे. स्टेज सपाट असतंय. स्टेजवर संदेशचा. आनि नारळ स्टेजवरच्या थापेला, ते मी पोराला बोलून बसलोय."

"म्हंजे मान त्येला."

"काय हाय वैनी..."

"बरं," हौसा म्हणाली. ती इतक्या सहज म्हणाली की श्रीपतीभाऊंचा विडा थांबला. "पन वाजप माझ्या पडवीतलं. जिथं वाजप तिथं आमच्या घरचं मानूस, ही बी रीतच हाय. मी स्टेजवर पेटीच्या बाजूला बसनार."

रीत खरंच तशी होती.

रत्नागिरीच्या नाट्यगृहात दुपारची वेळ, खुर्च्या भरलेल्या, पुढे टेबलामागे तीन परीक्षक. मधल्याच्या खांद्यावर नुकती घातलेली सत्काराची शाल आणि समोर सत्काराचा नारळ. रंगमंच तर असा सपाट की उतारवाडीचे गडी त्यावर उभे राहताच एका अंगाला कलले. जन्मभर ज्यांनी एक गुडघा वाकवून तोल धरला त्यांना दोन्ही पाय सारखे ठेवायचे म्हणजे शिक्षाच. हौसाने पेटीच्या बाजूला आपला घरचा पाट टाकला. कुठे टाकला हे तेव्हा कुणी बघितलं नाही. विजेची वायर जोडायचा बोर्ड जमिनीवर होता, तो पाटाखाली गेला आणि पाटावर हौसा बसली.

संदेशने बटण दाबलं. दांडिया सुरू झाला. गडी फिरू लागले, बुवाने गणाला सूर लावला, आणि पहिला अर्धा फेरा बरा गेला. मग पुढचा गडी विंगेच्या त्या कोपऱ्यापाशी आला जिथे घरी फणस असतो. त्याला ठाऊक होतं की इथे फळी आहे. त्याच्या पायाला नव्हतं. तो उडाला. मागचे सगळे उडाले. दांडिया आपला चालतच राहिला, आणि आठ माणसं आठ वेगळ्या वेळी खाली आली. प्रेक्षकांत हशा पिकला. कुणीतरी मागून म्हणालं, "उंदीर सुटलाय काय रे?" दुसऱ्या फेऱ्याला तेच. संदेशने घाबरून वेग वाढवला, तशा उड्याही वाढल्या. एका परीक्षकाने चष्मा काढून पुसला.

हौसाचा हात त्याच्या हातावरून पलीकडे गेला.

"काकी, हात काढ."

"मृदंग हाय काय हा?"

"नाय, पण..."

"मग गप ऱ्हा. डाव्या हातानं सूर धर. तेवढं तुला येतंय."

तिने बटण दाबलं.

पुढे काय झालं ते त्या नाट्यगृहातल्या झाडूवाल्याकडून ऐकलेलं आहे, आणि झाडूवाला खोटं बोलला असेल तर त्याचं त्याला. चढ लागला तसा रंगमंच डाव्या अंगाने वर यायला लागला. निदान सगळ्यांना तसं वाटलं. परीक्षकांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला हळूच सरकायला लागला आणि मधल्या परीक्षकाने तो धरला, मग टेबल धरलं, मग शेजारच्या परीक्षकाला धरलं. उतार आला तशा पहिल्या तीन रांगा उजवीकडे कलल्या. आणि मुळाचं बटण आलं तेव्हा, ज्यांनी जन्मात फणसाचं मूळ बघितलं नव्हतं, ज्यांच्या घरी लिफ्ट होती, अशा माणसांचे पाय जमिनीवरून सुटले आणि पुढच्या ठोक्यावर सगळं नाट्यगृह एकदम खाली आलं. बाहेर चहावाल्याच्या बरण्यांची झाकणं उडाली. संदेशचा डावा हात सूर बदलत होता आणि साथ त्याच्यामागे जात होती, पण त्याची नजर हौसाच्या बोटावर होती. हशा कधी थांबला ते कुणालाच सांगता येत नाही.

वेळ संपल्याची घंटा वाजली. हौसाने घंटेकडे बघितलं आणि पुन्हा चढाचं बटण दाबलं.

"काकी, झालं. बंद कर आता." संदेशने एंडिंगचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. "अगो, ह्याच्यात काहीच नाय."

"नाय. नारळ कुटं हाय?"

संदेश वायरीच्या मागे मागे सरपटत पाटापर्यंत आला आणि वर बघू लागला. हौसा पाटावर जरा जास्त पसरून बसली.

कुणीतरी पडदा पाडला. पडदा अर्ध्यावर आला, मुळाचा ठोका पडला, आणि पडदाही उडून वर गेला तो तिथेच अडकला. विंगेत आपल्या पाळीची वाट बघणारं लांज्याचं मंडळ आधी हसत होतं, मग पाय आपटत होतं, आता त्यातले निम्मे उतारवाडीच्या फेऱ्यात शिरले होते. संयोजक हात जोडत आला.

"आजी, वेळ संपली. गुण कापले जातील."

"कापा."

"बाद करावं लागेल तुम्हाला."

"करा. कायबी करा. आमच्यात नारळ फुटल्याशिवाय थाप थांबत नाय, आनि कुनाची थाप ते बोलल्याशिवाय नारळ फुटत नाय. गावकार तितं बसलेत, चौथ्या रांगंत. त्येंना वर घ्या."

श्रीपतीभाऊ खुर्चीखाली काही सांडलंय का ते बघत होते. त्यांना दोघांनी उचलून वर आणलं.

"भावजी, थाप कुनाची?"

"काय हाय वैनी, देवाला इचारू आपन. घरी गेल्यावर निवांत."

"देव ऐकतोय. आनि माझं मनगट अजून दुखायला लागलेलं नाय. गौरी येतील, जातील. बगा तुमी."

ती हे बोलली ते ठेका न सोडता, चढावर. सगळ्या सभागृहाला कळलं की ही बाई खरंच बसून राहील. मधल्या परीक्षकाने आपल्यापुढचा सत्काराचा नारळ उचलला. आयुष्यात मिळालेला पहिलाच होता म्हणतात. त्याने तो टेबलावरून पुढे दिला आणि म्हणाला, "गावकार, घ्या हा. पण लवकर. मला उतारावर उलटी होते."

श्रीपतीभाऊंनी रंगमंचाच्या पायरीवर नारळ फोडला. दोन भकलं दोन हातांत. एक देवाचं, एक घराचं. समोर पेटी, तिच्या एका अंगाला संदेश, दुसऱ्या अंगाला हौसा. ते चालायला लागले. कुणाकडे चालले होते ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तोंड संदेशकडे होतं, कारण शब्द दिला होता. पण हौसाने नेमकं मुळाचं बटण दाबलं, आणि ज्या पायांनी लहानपणापासून ते मूळ ओलांडलं होतं ते पाय गावकारांना न विचारता उडाले. खाली आले तेव्हा श्रीपतीभाऊ हौसाच्या पुढ्यात होते.

त्यांनी संदेशकडे बघितलं. संदेश पाटाशेजारी गुडघ्यांवर बसला होता, घामाने थबथबलेला, आणि त्याची मान त्याच ठेक्यावर हलत होती.

"माझ्याकडे काय बघताय, भाऊ," तो म्हणाला. "माझाही पाय उडाला."

श्रीपतीभाऊंनी घसा खाकरला आणि गाऱ्हाणं घातलं, थांबत थांबत, पण मोठ्याने. "बा देवा महाराजा, ज्या घराची थाप त्या घरात ऱ्हावं दे. पुरुसाच्या हातात आसंल तर पुरुसाच्या, बाईच्या हातात आसंल तर बाईच्या."

"होय महाराजा," उतारवाडीचे गडी म्हणाले. लांज्याचेही म्हणाले. परीक्षकांपैकी कोण म्हणालं ते त्यांनी नंतर कबूल केलं नाही.

भकल पदरात पडलं. हौसाने हात उचलला, पाटावरून उठली, आणि संदेशने बोर्डाचं बटण बंद केलं. रंगमंच सपाट झाला तेव्हा उभे होते त्यातले बरेचजण तोल जाऊन खाली बसले.

उतारवाडी बाद झाली. नंबर लांज्याला गेला, आणि लांज्याच्या मंडळाने तो घेताना एकदा उगाचच उडी मारली.

परतीच्या टेंपोत संदेश पेटी मांडीवर घेऊन बसला होता. हातखंब्यापर्यंत तो तिची बटणं चाचपत राहिला. मग म्हणाला, "काकी, एंडिंग भरायला पायजे गो. दर वेळी नारळ कुठून आणायचा?"

"आनायचा. झाडं कशाला लावलीत?"

घरी आल्यावर हौसाने भकल पडवीत मृदंगाखाली ठेवलं. सानिका दारात उभी होती. हौसाने खुंटीवरून मृदंग उतरवला, पदराने त्याच्यावरची धूळ पुसली, मांडीवर घेतला आणि उजव्या तळव्याने एक थाप मारली. वादी सैल पडली होती, आवाज बसलेला होता, पण थाप थापच होती.

"आई," सानिका म्हणाली, "लावलात ना हात."

"लावला. जा, सांग गावकाराला. म्हनावं, उद्या सकाळी वादी ताणायला मानूस धाड."

तिने दुसरी थाप मारली, मुळाची. बाहेर खळ्यात संदेश वायर गुंडाळत चालला होता. मूळ अजून चांगलं चार हात लांब होतं. त्याने उडी मारली.